कवटीवर नाव कोणाचे?

ऑक्टोबर संपत आला की अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये, वस्तुसंग्रहालये आणि शाळा 'दिआ दे मुएर्तोस' या मेक्सिकन मृतस्मरणाच्या उत्सवानिमित्त कुटुंबांसाठी हस्तकलेच्या कार्यशाळा जाहीर करू लागतात. शनिवारची दुपार, दीड-दोन तास, बहुधा विनामूल्य प्रवेश; पालकांनी मुलांना घेऊन यावे, पतंगी कागदाच्या नक्षीदार पताका कापाव्यात, साखरेच्या किंवा पुठ्ठ्याच्या कवट्या रंगवाव्यात, घोटीव कागदाचे झेंडू करावेत आणि केलेले सगळे पिशवीत भरून घरी न्यावे, असा त्यांचा साधारण साचा असतो. येणाऱ्यांत मेक्सिकन वंशाची कुटुंबे असतात तशी इतरही असतात, आणि कॅलिफोर्निया, टेक्सास, इलिनॉय अशा राज्यांत स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही त्यांत दिसू लागली आहेत. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थांनी दुसऱ्या समाजाचा मृतांसाठीचा विधी लहान मुलांच्या हस्तकलेचा विषय करावा का, हा प्रश्न त्यामुळे आपल्यालाही परका राहिलेला नाही.

या प्रश्नाची दोन उत्तरे ठरलेली आहेत. एका पक्षाच्या मते ही उघडउघड ओरबाड आहे: ज्यांचे मृत त्यांचा विधी, इतरांनी त्याची खेळणी करू नयेत. दुसऱ्या पक्षाला यात वादाचे काही दिसतच नाही. उत्सव रंगीत आहे, मुले रमतात, दुसऱ्या देशाची ओळख होते, मग बिघडले कुठे? दोन्ही पक्ष कागद कोणी कापावा याचीच चर्चा करतात. तो कोणासाठी कापला जातो, हे विचारल्याशिवाय या कार्यशाळेची किंमत ठरवता येत नाही, असे मला वाटते. माझे मत असे की या कार्यशाळा जरूर व्हाव्यात, आणि या परंपरेच्या बाबतीत तर व्याख्यानापेक्षा हस्तकला हेच अधिक योग्य दार आहे. मात्र त्या दारातून कोणी एखादी खरोखरची मृत व्यक्ती आत आली पाहिजे. बहुतेक ठिकाणी नेमके तेच घडत नाही.

या वस्तू मूळ ठिकाणी कशासाठी असतात ते आधी पाहू. मेक्सिकोत ऑक्टोबरच्या अखेरीस घराघरांत 'ओफ्रेंदा' मांडली जाते. एखादे मेज किंवा पायऱ्यापायऱ्यांची मांडणी, तिच्यावर गेलेल्यांची छायाचित्रे, दूरच्या प्रवासाने तहानलेल्यांसाठी पाण्याचा पेला, मीठ, मेणबत्त्या, कोपाल नावाच्या राळेचा धूर, 'पान दे मुएर्तो' हा खास या दिवसांत भाजला जाणारा गोड पाव, आणि मुख्य म्हणजे त्या त्या माणसाला आवडणारे पदार्थ. कोणासाठी मोले हे मसालेदार कालवण, कोणासाठी मेस्काल या दारूचा घोट, कोणासाठी सिगारेटचे पाकीट. दारापासून मांडणीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात. त्या रंगाच्या आणि वासाच्या आधाराने मृतांना घर सापडते अशी श्रद्धा आहे. हा झेंडू आपल्या दसऱ्याचाच. त्याचे मूळ घर मेक्सिको आणि आसपासचा प्रदेश आहे. युरोपीय जहाजे त्या खंडाला लागल्यानंतरच तो आपल्या तोरणांत आला.

दिवसही वाटलेले असतात. सर्वसाधारण रीतीनुसार ३१ ऑक्टोबरच्या रात्रीपासून १ नोव्हेंबरपर्यंत मृत बालके येतात आणि त्यानंतर २ नोव्हेंबरपर्यंत मोठी माणसे. अपघाताने किंवा हिंसेने गेलेल्यांसाठी अनेक ठिकाणी २८ ऑक्टोबर राखलेला असतो. प्रदेशागणिक रीत बदलते. वास्तेका भागात हा उत्सव 'शान्तोलो' म्हणून फुलांच्या कमानी आणि मुखवट्यांच्या नाचांसह होतो, मिचोआकानमधील पात्स्क्वारो सरोवराच्या काठी आणि बेटांवर कुटुंबे रात्रभर थडग्यांपाशी मेणबत्त्या लावून बसतात, तर कांपेचेमधील पोमुच गावात पूर्वजांची हाडे दरवर्षी पेटीतून काढून हाताने स्वच्छ करतात आणि नव्या भरतकाम केलेल्या वस्त्रावर ठेवतात. 'मेक्सिकन परंपरा' असा एकवचनी उल्लेख ही मुख्यतः कार्यक्रमपत्रिकेची सोय आहे.

आता कारागिरीकडे वळू. 'पापेल पिकादो' या नक्षीदार पताकांसाठी पुएब्ला राज्यातील सान साल्वादोर विश्कोलोत्ला हे गाव प्रसिद्ध आहे. तिथे कात्री वापरत नाहीत. पातळ कागदाचे पन्नासेक ताव एकावर एक रचून, वर आराखडा ठेवून, वेगवेगळ्या आकारांच्या छोट्या छिन्न्या हातोडीने ठोकत नक्षी काढली जाते. हा उद्योग पिढ्यान्‌पिढ्या घरच्या पडवीत चालत आलेला आहे. साखरेच्या कवट्यांचे मोठे केंद्र म्हणजे तोलुका शहर. तिथे दरवर्षी साखरकामाची जत्रा भरते. कवट्या करण्याची रीत मराठी वाचकाला समजायला अवघड नाही, कारण पाडव्याच्या गाठीही अशाच साच्यात घातलेल्या साखरेच्या असतात. फरक एवढाच की कवटीच्या कपाळावर नाव लिहितात. कधी मृताचे आणि, थट्टेने, कधी जिवंत मित्राचेही.

या सगळ्या वस्तूंत एक समान गोष्ट आहे. त्यांतली एकही टिकण्यासाठी केलेली नसते. कागद वाऱ्यापावसात फाटतो, साखर विरघळते, पाकळ्या सुकतात, अन्न मृतांनी त्याचा गंध घेतल्यावर घरचे आणि शेजारचे वाटून खातात. वस्तू करणे, मांडणे आणि सोडून देणे या तिन्ही गोष्टी मिळून तो मान पुरा होतो. म्हणूनच मी म्हणतो की हस्तकला ही इथे परंपरेची बाहेरची सजावट ठरत नाही. तासभर बसून कोणासाठी तरी कागद कापणे हेच त्या माणसाचे स्मरण आहे, आणि लहान मुलाला ते एखाद्या व्याख्यात्याच्या चित्रफितीपेक्षा लवकर कळते. परंतु कार्यशाळेत वस्तूची दिशा उलटते. जी द्यायची ती न्यायची होते. मूल बाहेर पडताना त्याच्या हातात एक शोभेची कवटी असते, ती फ्रीजच्या दारावर जाते, आणि ती कोणाची याचे उत्तर 'माझी' असे येते.

शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणे मला पटत नाही, कारण ज्या शुद्ध रूपाचे रक्षण करायचे ते इतिहासात सापडत नाही. स्पॅनिश आक्रमणापूर्वी मेशिका (अ‍ॅझटेक) लोकांचे मृतांसाठीचे सण होते, पण ते साधारण ऑगस्टच्या सुमारास येत. १ आणि २ नोव्हेंबर या तारखा कॅथलिक पंचांगातल्या आहेत. जुन्या विधींनी नव्या तारखांचा आडोसा घेतला असावा, असा संशय दिएगो दुरान या धर्मोपदेशकाने सोळाव्या शतकातच लिहून ठेवला आहे. यात देशी वाटा किती आणि युरोपीय किती, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. विसाव्या शतकात क्रांतीनंतरच्या सरकारांनी या सणाला राष्ट्रीय ओळखीचे रूप दिले, आणि २००८ साली युनेस्कोने देशी समाजांच्या या मृतस्मरणाचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. सगळ्यांत गमतीचा भाग पुढचा आहे. २०१५ च्या जेम्स बाँडपटात मेक्सिको सिटीच्या रस्त्यांवरून सांगाड्यांची भव्य मिरवणूक निघते. तशी मिरवणूक त्या शहरात कधी निघत नव्हती. चित्रपट पाहून ती पाहायला लोक येतील हे ओळखून २०१६ पासून ती खरोखरच काढली जाऊ लागली, आणि आज लाखो लोक तिला जातात. ज्या परंपरेने बाँडपटही पचवला ती ग्रंथालयातल्या पाच वर्षांच्या मुलांनी बाटेल असे मानणे म्हणजे तिच्या ताकदीचा अपमान आहे.

शिवाय अमेरिकेपुरते बोलायचे तर कार्यशाळा हे या परंपरेचे उत्तरकालीन पातळ रूप आहे, हा समजही चुकीचा आहे. तिथल्या मेक्सिकन वंशाच्या अनेक घरांत हा सण विरत गेला होता किंवा मुळातच नव्हता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्व लॉस एंजेलिसमध्ये कॅरन बोकालेरो या कलावंत ख्रिस्ती जोगिणीच्या पुढाकाराने 'सेल्फ हेल्प ग्राफिक्स' ही छापचित्रांची संस्था उभी राहिली. तिने आणि तिच्या सोबतच्या कलावंतांनी वस्तीतल्या मुलांना आणि मोठ्यांना मुखवटे, पताका, ओफ्रेंदा करायला शिकवले आणि सगळ्यांची मिळून मिरवणूक काढली. चित्रकलेचे साहित्य भरलेली गाडी वस्त्यांतून आणि शाळांतून फिरवली. मेक्सिकन-अमेरिकनांच्या हक्कांसाठीच्या चिकानो चळवळीच्या त्या वर्षांत आपल्या आजोळाशी तुटलेली नाळ लोकांनी हस्तकलेच्या मेजावर बसून जोडली. म्हणजे त्या देशात हा सण कार्यशाळेतूनच सार्वजनिक झाला. त्या मेजावर आज दुसऱ्या कुळातली मुलेही बसली तर त्यात नवल वाटण्यासारखे काही नाही.

परंपरा मिसळलेली आहे यावरून ती बेवारस आहे असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही, आणि 'बिघडले कुठे' म्हणणारा पक्ष नेमका तो काढतो. २०१३ साली डिस्ने कंपनीने आपल्या आगामी (पुढे 'कोको' नावाने आलेल्या) चित्रपटाच्या मालासाठी या सणाच्या नावावरच व्यापारचिन्हाचा हक्क मागितला. मेक्सिकन-अमेरिकन समाजातून संतापाची लाट उठल्यावर अर्ज मागे घ्यावा लागला. लालो अल्काराझ या व्यंगचित्रकाराने तेव्हा कंपनीची रेवडी उडवली होती, आणि पुढे त्याच चित्रपटासाठी त्याचा सल्ला घेण्याचे शहाणपण कंपनीला सुचले. २०१९ पासून या सणाची बार्बी बाहुलीही मिळते. या व्यवहारांची तुलना ग्रंथालयाशी करणे अन्यायाचे होईल, पण एक प्रश्न दोघांनाही लागू आहे: पैसा कोणाकडे जातो? कार्यशाळेसाठी कारखान्यात छापलेल्या प्लास्टिकच्या पताका आणि फोमच्या कवट्या ठोकभावाने मागवायच्या, आणि त्याच शहरात राहणाऱ्या मेक्सिकन कारागिराला 'समाजसेवा' म्हणून फुकट यायला सांगायचे, हा प्रकार संस्थांनी बंद करावा. ज्याला छिन्नी धरता येते त्याला मानधन द्यावे. संस्कृतीच्या आदराची ती सर्वांत कमी शब्दांतली पावती आहे.

तरीही माझा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. या कार्यशाळांतून मृत्यू काढून टाकलेला असतो. जाहिरातीत 'जीवनाचा उत्सव' असे शब्द असतात. मुलांना रंगवायला कवटी दिली जाते, पण ती कवटी का, हे कोणी बोलत नाही, कारण कोणाचे मूल रडले तर काय, कोणा पालकाने तक्रार केली तर काय, ही धास्ती असते. मुलांचे वय लहान आहे हे कारण तर या परंपरेत टिकतच नाही. जिथे एक अख्खी रात्र मृत बालकांसाठी ठेवलेली आहे, त्यांच्या मांडणीत छोटी खेळणी आणि दूध ठेवले जाते, तिथे बालपण आणि मृत्यू यांची गाठ पडूच द्यायची नाही असा कोणाचा समज नव्हता. आणि ही काळजी कोणत्या वस्त्यांत घेतली जाते तेही पाहावे. त्याच आठवड्यात हॅलोविनच्या नावाने दारादारांतल्या हिरवळीवर प्लास्टिकची थडगी रोवलेली असतात, झाडांना सांगाडे लटकत असतात, जमिनीतून रक्ताळलेले हात वर आलेले असतात, आणि तीच लहान मुले तिथून चॉकलेटे गोळा करत हिंडतात. मृत्यूचे भय दाखवलेले चालते; मृत माणसाचे नाव घेतलेले तेवढे जड जाते.

त्यामुळे दोन्ही सण एकाच पोस्टरवर येतात, आणि कात्रिनाचा चेहरा रंगवून घेणे हा कार्यक्रमाचा कळस होतो. ही कात्रिना तरी कोण? होसे ग्वादालुपे पोसादा (१८५२–१९१३) या मुद्रणकाराने आपले देशी मूळ लपवून युरोपीय थाट मिरवणाऱ्यांची टर उडवण्यासाठी पिसांच्या टोपीतली एक कवटी कोरली. १९४७ साली दिएगो रिवेराने आपल्या भित्तिचित्रात तिला अंगभर पोशाख दिला आणि तिच्या शेजारी खुद्द पोसादाला उभे केले. मूळचे ते राजकीय व्यंगचित्र आहे. मुलांना त्यातले काही शिकवायचेच असेल तर पोसादाच्या चित्रांसोबत छापली जाणारी टवाळ पद्ये शिकवावीत, ज्यांत जिवंत माणसाला मेलेला कल्पून त्याच्या खोडींवर चार ओळी रचतात. आपल्या आईच्या मोबाइलवेडावर आठ वर्षांच्या मुलीने लिहिलेला मृत्युलेख तिने भर सभेत वाचून दाखवावा आणि आईने तो ऐकावा. गालावर काढलेल्या फुलापेक्षा ते खचितच अधिक मेक्सिकन होईल.

'मेक्सिकन माणूस मृत्यूला हसतो' हे वाक्य पर्यटनाच्या माहितीपत्रकांनी इतके घासले आहे की त्याखालचे दुःख दिसेनासे झाले आहे. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये आयोत्सिनापाच्या अध्यापक विद्यालयाचे ४३ विद्यार्थी नाहीसे झाले. मेक्सिकोच्या सरकारी नोंदीत बेपत्ता माणसांचा आकडा २०२२ च्या मे महिन्यात एक लाखाच्या पुढे गेला. मुलाच्या शोधात हातात फावडी घेऊन माळरान खणणाऱ्या आयांचे गट त्या देशात आहेत, आणि त्यांच्यापुढे दर नोव्हेंबरात एक भयंकर प्रश्न उभा असतो: मुलाचा फोटो ओफ्रेंदेवर ठेवायचा का? ठेवला तर तो मेला हे आपल्या हाताने मान्य केले. न ठेवला तर तो कुठेतरी मेला असल्यास त्याला वाट दाखवणारे कोणी नाही. ज्या मांडणीत एक फोटो ठेवणे किंवा न ठेवणे याला एवढा अर्थ आहे, तिची प्रतिकृती एकाही फोटोशिवाय सजवणे हा मला पताका कोणी कापल्या यापेक्षा कितीतरी मोठा अनादर वाटतो. हे सगळे सहा वर्षांच्या मुलाला सांगावे असे मी म्हणत नाही. कार्यशाळा आखणाऱ्यांना ते ठाऊक असावे, एवढी अपेक्षा आहे.

मग करायचे काय? फार काही अवघड नाही. निमंत्रणातच लिहावे की येताना गेलेल्या एका माणसाचा फोटो किंवा नुसते नाव आणा आणि त्याला काय आवडत असे ते घरी विचारून या. ज्या मुलाला असे कोणी आठवत नसेल त्याने पाळलेल्या कुत्र्याचे नाव आणले तरी चालेल. मेक्सिकोत अलीकडे प्राण्यांसाठीही एक दिवस पाळला जाऊ लागला आहे. सभागृहाच्या एका भिंतीशी सामायिक मांडणी असावी, आणि मुलांनी केलेल्या वस्तू तिच्यावर ठेवून रिकाम्या हाताने घरी जावे. २ नोव्हेंबरनंतर ती मांडणी उतरवावी. शिकागोच्या पिल्सन भागातील मेक्सिकन कलेचे राष्ट्रीय संग्रहालय १९८७ पासून दरवर्षी या विषयावर प्रदर्शन भरवते, आणि त्यातल्या ओफ्रेंदा कुटुंबांनी व कलावंतांनी नाव असलेल्या, ओळख असलेल्या माणसांसाठी उभारलेल्या असतात. हे तत्त्व छोट्या ग्रंथालयालाही परवडणारे आहे. आगीच्या नियमांसाठी बॅटरीच्या मेणबत्त्या लावल्या तर माझी हरकत नाही.

यावर गंभीर आक्षेप एकच आहे. नुकतीच आई किंवा वडील गेलेले मूल त्या खोलीत असेल तर? ग्रंथपाल म्हणजे समुपदेशक नव्हे, हे खरेच. म्हणून पूर्वसूचना द्यावी, पालक सोबत असावेत, बोलण्याची सक्ती कोणावर नसावी. पण ते मूल हस्तकलेच्या मेजावर बसले नाही तरी त्याचे दुःख असतेच, आणि वर्षभरात ज्या खोलीत त्याला वडिलांचे नाव सर्वांसमोर लिहिता येईल अशी ही कदाचित एकमेव खोली असेल. तिथेही ते लिहू न देणे ही सावधगिरी मोठ्यांच्या सोयीची आहे.

मराठी पालकांबद्दल थोडे वेगळे बोलायला हवे. काहींना कवटी घरात आणणे अशुभ वाटते. त्यांनी जाऊ नये, त्यात कमीपणा नाही. काही जण मुलांना 'हा त्यांचा पितृपक्ष' असे सांगून मोकळे होतात. साम्य आहेच: अपघाताने वा शस्त्राने गेलेल्यांसाठी आपल्याकडेही भाद्रपद वद्य चतुर्दशी राखलेली आहे, आवडीचा पदार्थ पानात वाढण्याची चाल आहे, आणि गोव्यातले व वसईतले ख्रिस्ती तर २ नोव्हेंबरलाच कबरींवर फुले आणि मेणबत्त्या ठेवतात. पण श्राद्धाचा विधी कुळाच्या रेषेत चालतो, तो पुरुषाने करावा असा संकेत आहे, आणि त्या पंधरवड्यात शुभकार्ये व खरेदी टाळतात. मुलांना त्यात पाहुण्यासारखे बाजूला बसवलेले असते. ओफ्रेंदेवर मैत्रीण, शेजारी, शिक्षिका, कोणीही येऊ शकते आणि मांडायला घरातले सगळे हात लागतात. हा फरक झाकू नये. आजीचे श्राद्ध जिला कधी करता येणार नाही अशी नात त्या सभागृहात आजीचे नाव लिहून तिच्यापुढे तिच्या आवडीची चिक्की ठेवू शकते, आणि ती ठेवताना हे मेज दुसऱ्यांचे आहे, त्यांनी आपल्याला बोलावले आहे, हेही तिला कळलेले असावे. बोलावलेले नसेल, तर आधी विचारावे.

दीड तासात हे सगळे बसत नाही, अशी अडचण आयोजक सांगतील आणि ती खरी असेल. तेव्हा कार्यक्रमातून काही गाळावे लागेल. चेहरे रंगवणे गाळावे, तयार कवट्यांचे साचे गाळावेत, 'कोको' चित्रपटाची गाणी गाळावीत. एक पतंगी कागद, एक कात्री, शिकवायला मानधन घेतलेला एक जाणता माणूस आणि लिहायला एक नाव, एवढे उरले तरी कार्यशाळा घ्यावी. नाव उरत नसेल तर तो वेळ खुशाल हॅलोविनच्या भोपळ्यांना द्यावा.